बत्तिसावं उत्तर

१

मुलं एकतीस होती आणि उत्तरं बत्तीस आली होती.

चेतना येमूलला आधी वाटलं, कुणा पोरानं घाईत बटण दोनदा दाबलं असेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या शाळेत ती आठवीला इतिहास-भूगोल शिकवायची. शिक्षणसेवक म्हणून लागून दुसरंच वर्ष. पोरांना इंटरनेटवर नुसतं मोकळं सोडलं की ती भलतीकडेच भरकटतात, म्हणून तिनं एक शोधमोहीम आखली होती. एक वेबपान तयार केलं आणि वर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहिला, ‘नळ येण्याआधी आपल्या भागाला पाणी कोण पाजत होतं?’ खाली पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला तिनं स्वतः निवडलेले दुवे: जुने नकाशे, जुन्या वर्तमानपत्रांची पानं, कुणाच्या आठवणी. शेवटी एक फॉर्म. त्यात नाव, हजेरी क्रमांक आणि उत्तर लिहायचं. दिवसाला एक पायरी, पाच दिवसांत मोहीम पुरी.

पाचही दिवस एक उत्तर जास्त आलं. हजेरी क्रमांक बत्तीस, नाव राजमणी.

वर्गात राजमणी नावाची मुलगी नव्हती, आणि हजेरी एकतीसवरच संपत होती.

गुरुवारी सकाळी चेतनानं ती पाच उत्तरं छापून माजिदा नदाफच्या पुढ्यात ठेवली. माजिदा शिक्षण विभागाची विस्तार अधिकारी. वय बावन्न, सव्वीस वर्षं नोकरी, आणि चौकशी म्हटलं की तिलाच पाठवायची कार्यालयाची सवय. पालकांनी तक्रार दिली होती की बाई इंटरनेटच्या नावाखाली मुलांना भुताची भीती घालतात. मंगळवारपासून एकही पोर संगणक कक्षात पाऊल टाकत नव्हतं आणि दोन मुलींना ताप भरला होता. संस्थेनं मुख्याध्यापकांना बजावलं होतं की शनिवारपर्यंत अहवाल आला नाही, तर चेतनाला घरी बसवू.

माजिदानं चष्मा लावला. उत्तरांत स्वल्पविराम नव्हता की पूर्णविराम नव्हता.

पहिलं: ‘शाळेच्या आवारात आड होता त्याचं पाणी गोड होतं आम्ही ओंजळीनं प्यायचो’

दुसरं: ‘नकाशात बघा आज जिथे संगणक कक्ष आहे तिथेच मी आहे’

तिसरं: ‘आडाचा राहत गंजलेला होता दोर ओला असला की हातातून सटकतो’

चौथं: ‘मी वर्गातला माठ भरायला पाणी आणायला गेले होते रंगारी झाडाखाली जेवत बसले होते झाडलोट करणारी वेंकम्मा ओरडली गुरुलिंग मामा दोर घेऊन धावले थोरल्या सरांनी सगळ्या वर्गांची दारं लावून घेतली’

पाचवं वाचताना माजिदाच्या हातावर काटा आला.

‘आता वर फरशी आहे खालून आभाळ भाकरीएवढं दिसायचं आता तेही दिसत नाही’

२

संगणक कक्षाची किल्ली देवदत्त कारंडेकडे होती. तो संगणक शिक्षक, पस्तिशीचा, बोलायला चुरचुरीत. त्यानं माजिदाला कक्ष दाखवला. बारा संगणक, खिडकीला हिरवा पडदा, आणि फेब्रुवारीचं ऊन बाहेर तापलेलं असताना आत न शोभणारा गारवा.

शेजारच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने. त्यांची खटखट भिंतीतून अखंड येत होती. इथल्या माणसांना ती ऐकूही येत नाही, पण माजिदाला देवदत्तचं बोलणं कानाजवळ जाऊन ऐकावं लागलं.

फॉर्म कुणी भरला ते कळण्याचा मार्ग नाही, असं तो म्हणाला. पोरांकडे ईमेल नसतात, म्हणून चेतनानं तो खुला ठेवला होता. दुवा ज्याच्याकडे, तो भरू शकतो. संगणकावरून नाहीतर मोबाइलवरून. नोंद राहते ती फक्त वेळेची. त्यानं वेळा काढून दाखवल्या. अठ्ठावीस जानेवारी, दुपारी बारा बेचाळीस. एकोणतीस, बारा चव्वेचाळीस. पाचही उत्तरं बारा चाळीस ते बारा पन्नासच्या आत आलेली. शेवटचं सोमवारी, तीन फेब्रुवारीला.

“आणि दुवा कुणाकुणाकडे होता?”

देवदत्तनं शिक्षकांचा व्हॉट्सॲप गट उघडून दिला. चेतनानं तिथं दुवा टाकून लिहिलं होतं की शाळेतल्या जुन्या लोकांनीही उत्तरं लिहावीत, मुलांना वाचायला आवडतील. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. प्रभाबाई वैद्यांचा तेवढा निरोप होता: ‘छान उपक्रम आहे चेतना मला यातलं काही जमत नाही पण मुलांना नक्की आवडेल’.

मग देवदत्तनं आवाज उतरवला. त्याचं मत विचाराल तर हे काम चेतनाचंच. आपली मोहीम गाजावी म्हणून नवीन माणसं असे उद्योग करतात.

त्याच वेळी शेजारचे माग बंद पडले. जेवणाची सुट्टी झाली असावी. खटखट थांबताच खोलीत अशी शांतता पसरली की माजिदाला स्वतःचा श्वास ऐकू आला. आणि त्या शांततेत कुठूनतरी, पायाखालून, थेंब पडल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. पुन्हा एक थेंब.

“वरच्या टाकीचा पाइप गळतोय,” देवदत्त म्हणाला. पण तो दाराकडे सरकला होता.

माजिदा सात नंबरच्या संगणकापाशी गेली आणि चपलेची टाच फरशीवर आपटली. इतर ठिकाणी आवाज ठस्स येत होता. इथं तो पोकळ आला, आणि थोड्या वेळानं खालून परत आला.

३

मुख्याध्यापक शरच्चंद्र निंबर्गीकर भला माणूस होता, पण भित्रा. दोन हजार तीन साली तो बदलून इथं आला. या जागी विहीर असल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मुलांनी शोधलेल्या जुन्या नकाशात आवाराच्या मधोमध विहिरीची खूण पाहिली तेव्हा त्याला घाम फुटला होता. बोलताना तो सारखा ‘ती विहीर’, ‘ती विहीर’ म्हणत होता. चेतनाही तेच म्हणत होती आणि देवदत्तही.

माजिदानं जुनं जनरल रजिस्टर मागवलं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. राजमणी हे नाव सापडायला पाऊण तास गेला.

राजमणी नरसय्या येमूल. इयत्ता सहावी. शाळा सोडल्याची तारीख एकतीस जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. कारण, पालकांच्या विनंतीवरून.

नाव खरं होतं, म्हणजे मुलगीही खरी होती. ‘येमूल’ वाचल्यावर निंबर्गीकर खुर्चीत मागे टेकला आणि चेतनाकडे बघू लागला.

चेतनाचा चेहरा उतरला. राजमणी आपली कुणी लागत नाही, असं तिनं सांगितलं. पूर्व भागात येमूल आडनावाची कमी नाही, बोळात दगड भिरकावला तर तो एका येमूललाच लागेल. तिचा जन्मच सत्त्याण्णवचा. पण बोलता बोलता तिलाच कळत होतं की हे कुणाला पटणार नाही.

तिनं बॅगेतून एक कागद काढला. चौथ्या पायरीत जुन्या वर्तमानपत्रांत शोधायचं होतं, आणि श्रावणी नावाच्या मुलीला दोन ओळींची एक बातमी मिळाली होती. पाच फेब्रुवारी चौऱ्याण्णव. पूर्व भागात तीन तारखेला एक बारा वर्षांची मुलगी विहिरीत पडून मरण पावली. मुलीचं नाव नाही, शाळेचा उल्लेख नाही.

तीन फेब्रुवारी. पाचवं उत्तर आलं ती तारीख.

“म्हणजे एकतीसला, सोमवारी, नाव काढलं,” माजिदा म्हणाली, “आणि तीनला, गुरुवारी, तीच पोर याच शाळेच्या विहिरीत पडली. शाळा सोडलेली मुलगी वर्गातला माठ भरायला कशी येईल?”

तिनं त्या वर्षाचा सहावीचा हजेरीचा कॅटलॉग आणायला सांगितला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या गठ्ठ्यात पाचवीचा होता, सातवीचा होता. सहावीचा नव्हता. धूळ बसलेल्या गठ्ठ्यात तेवढ्या जाडीची फट मात्र होती, आणि त्या फटीतही तेवढीच जुनी धूळ होती.

तेवढ्यात प्रभाबाई चहा घेऊन आल्या. सत्तावन्न वर्षांच्या, मराठी शिकवणाऱ्या, मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या. संगणकाचं नाव काढताच त्या ओशाळून हसल्या. माऊस हातात धरला की तो पळतो, म्हणाल्या. चौऱ्याण्णव साली त्या शाळेत नव्या होत्या, फारसं आठवत नाही. जाताना त्या दारात थांबल्या.

“चेतनाची नोकरी जाणार नाही ना, मॅडम? तिनं काही केलेलं नाही.”

माजिदानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. इतक्या ठामपणे हे दिवसभरात दुसरं कुणी म्हणालं नव्हतं.

४

चौऱ्याण्णवच्या आधीपासून शाळेत असलेली माणसं दोनच उरली होती. एक प्रभाबाई, दुसरा शिपाई गुरुलिंग बिराजदार. गुरुलिंग अक्कलकोटकडचा. अठ्ठ्याऐंशी साली लागला तेव्हा विशीचाही नव्हता. आता पाठीत वाकला होता, पण घंटा तोच द्यायचा.

घंटेखालच्या कट्ट्यावर माजिदा त्याच्या शेजारी बसली. माग सुरू असल्यामुळे दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं. इथं विहीर होती का, असं तिनं विचारलं.

“हीर न्हवती, बाई. आड हुता,” गुरुलिंगनं तिला सुधारलं. “हिरीला पायऱ्या असत्यात. ह्यो अरुंद, सरळ खाली. वर रहाट हुता.”

मग त्यानं मागे वळून न बघता संगणक कक्षाकडे बोट केलं. त्या उन्हाळ्यातच स्लॅब टाकून आड झाकला. वर खोली बांधली. पहिली काही वर्षं तिथं मोडकी बाकं ठेवायचे, पुढं संगणक आले. आत कुणी एकटं बसत नसे. सगळे गारव्याला नावं ठेवायचे.

मग माजिदानं राजमणीचं नाव काढलं. फॉर्म त्यानं भरला का, असं सरळ विचारलं, तेव्हा त्यानं आपला मोबाइल काढून दाखवला. जुना बटणांचा, काच तडकलेला.

“आमी काय लिवणार? सही तेवढी येती.”

“तुम्ही तिला बाहेर काढलंत.”

“व्हय. कमरंला दोर बांधून उतरलो की.” त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यावर पालथे ठेवले. “खाली लई अंदार. वर बगितलं तर आबाळ एवढुसं, भाकरीएवढं. पोरगी रहाटाच्या दोराला धरून हुती. मी धरलं तवा हात ऊन हुता, बाई. वर येस्तोवर गार पडला.”

पाचव्या उत्तरातली भाकरी याच्या तोंडची होती. म्हणजे उत्तर लिहिणाऱ्यानं ती गुरुलिंगच्या तोंडून ऐकली होती, तेव्हा किंवा नंतर.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली होती, असं तिनं विचारलं. गुरुलिंग उठला. घंटेची वेळ झाली म्हणाला. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

५

शुक्रवारी माजिदा पुन्हा शाळेत आली आणि अहवाल लिहायला संगणक कक्षातच बसली. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. तिला तिथंच बसावंसं वाटलं.

हातानं टाइप करायचा तिला कंटाळा. मोबाइलवर बोलायचं आणि त्यानं लिहून घ्यायचं, ही सवय मुलीनं लावलेली. पण आज मोबाइल काही केल्या ऐकेना. ती म्हणाली, ‘सदर शाळेच्या आवारात’, आणि त्यानं भलतंच काहीतरी लिहिलं. दोनदा प्रयत्न केला. मागांच्या खटखटीत त्याला तिचा शब्दच सापडत नव्हता.

साडेबारा वाजून गेल्यावर माग थांबले. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. खालून थेंब पडला. माजिदानं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि, का कोण जाणे, आवाज अगदी बारीक करून बोलली.

“सदर आडावर लोखंडी रहाट होता.”

मोबाइलनं लिहिलं: ‘सदर आडावर लोखंडी राहत होता’.

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग पर्समधून तिसरं उत्तर काढून शेजारी ठेवलं. ‘आडाचा राहत गंजलेला होता.’

काल तिला ती पोराची चूक वाटली होती. पण बोटांनी लिहिणारा माणूस ‘ट’च्या जागी ‘त’ लिहील, आणि शिवाय काना उचलून दुसऱ्याच अक्षराला लावील, असं होत नाही. ‘रहाट’ हा शब्द मोबाइलला माहीत नाही, त्यानं कानावर पडलेल्याच्या जवळचा शब्द बसवला. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, कारण बोलताना कुणी पूर्णविराम उच्चारत नाही. उत्तरं लिहिलेली नव्हतीच. कुणीतरी ती बोललं होतं.

आणि वेळ. बारा चाळीस ते बारा पन्नासच्या त्या घटकेचं गुपित एवढंच होतं, की दिवसभरात तेवढा वेळच इथं मोबाइलला माणसाचं बोलणं ऐकू येत होतं.

भुताला मोबाइल लागत नाही. माजिदाच्या अंगावरचा काटा उतरला, पण तिला हलकं वाटलं नाही. कुणीतरी पाच दुपारी एकटं बसून मेलेल्या पोरीच्या वतीनं बारीक आवाजात बोललं होतं. हे तिला भुतापेक्षा अवघड वाटलं.

चेतना आणि देवदत्तला टाइप करणं श्वास घेण्यासारखं. ते बोलून कशाला लिहितील? शिवाय चेतना, देवदत्त, निंबर्गीकर, तिघंही ‘विहीर’ म्हणतात, ‘आड’ नाही. आड पाहिलेली माणसं दोन. गुरुलिंग बोलला असता तर ‘हुता’ आणि ‘न्हाय’ असं बोलला असता. मोबाइलनं त्याचा पार चुथडा केला असता. ही भाषा शुद्ध होती. आणि टाइप न येणाऱ्या, विरामचिन्हांशिवाय निरोप पाठवणाऱ्या मराठीच्या बाई तिनं काल गटावर वाचल्या होत्या.

राहिलं होतं ते एकच. माजिदानं चौथं उत्तर पुन्हा वाचलं. रंगारी आहेत, वेंकम्मा आहे, गुरुलिंग आहे, थोरले सर आहेत. त्या दुपारी आवारात असलेलं प्रत्येक माणूस त्यात आहे. एक सोडून.

वर्गातला माठ भरायला पोर आपल्या मनानं जात नाही. तिला वर्गातलं कुणीतरी पाठवतं.

६

प्रभाबाई वर्गात एकट्याच होत्या. डबा उघडला होता, पण भाकरी आणि शेंगाची चटणी तशीच होती. माजिदा समोरच्या बाकावर बसली आणि तिनं सगळं क्रमानं सांगितलं. आवाज न चढवता, एखादा धडा समजावून द्यावा तसं.

“राजमणी स्वतः बोलली असती,” माजिदा शेवटी म्हणाली, “तर तिनं पहिलं नाव घेतलं असतं तिला पाठवणाऱ्या बाईंचं. तेवढंच नाव उत्तरात नाही. सहावीच्या वर्गशिक्षिका तुम्ही होतात ना?”

प्रभाबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, नोकरीचं दुसरंच वर्ष. आडाचा कठडा रंगवायला सोडवून ठेवला होता म्हणून तिकडं मुलांना पाठवू नका, अशी सूचना फिरली होती. त्या विसरल्या. पोर गेल्यावर थोरल्या सरांनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी, त्यांना खोलीत बोलावलं. पोर शाळेत होती असं निघालं तर शाळा बंद होईल आणि तुम्ही तुरुंगात जाल, म्हणाले. मग सोमवारची तारीख घालून रजिस्टरमध्ये ओळ लिहायला लावली. ते अक्षर प्रभाबाईंचंच. मुलीच्या आईला सांगण्यात आलं की तुमच्या मुलीचं नाव सोमवारीच कमी झालं होतं. ती दप्तर घेऊन तीन दिवस कुठं हिंडत होती ते आम्हाला माहीत नाही. आईनं समोर आलेल्या कागदावर अंगठा दिला.

थोरले सर पुढं वारले. ठाऊक असलेली दोनच माणसं उरली. दरवर्षी तीन फेब्रुवारीला गुरुलिंग काही न बोलता त्यांच्यासमोर येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. आड झाकला त्या दिवशी त्यानं एकदाच त्यांना सांगितलं होतं, खालून आभाळ केवढं दिसतं ते.

“मग आताच का?” माजिदानं विचारलं.

“चेतनानं लिहिलं होतं ना, जुन्या लोकांनी उत्तरं द्यावीत. मी खरंच द्यायला बसले. पाणी गोड होतं, एवढंच सांगायचं होतं.” त्यांनी डबा बाजूला सारला. “फॉर्मनं आधी नाव विचारलं. मी मोबाइल तोंडाशी धरला आणि माझ्या तोंडून तिचं नाव आलं. एकतीस वर्षं ते मी उच्चारलं नव्हतं. मग मला थांबता येईना.”

मुलं घाबरतील, चेतनावर येईल, हे ध्यानात आलं तेव्हा पाच दिवस होऊन गेले होते. गुरुवारी खरं सांगायचं ठरवून त्या चहा घेऊन आल्या होत्या, आणि चहा ठेवून परत गेल्या.

माजिदानं त्यांना स्पष्ट सांगितलं की हे अहवालात येणार. नोकरीचे चार महिने उरले असोत की चार दिवस, खोटी नोंद ती खोटी नोंद. पेन्शनवरही गदा येऊ शकते.

“लिहा,” प्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काढून बाकावर ठेवलं. आत सहावीचा कॅटलॉग होता. पुठ्ठ्याच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतली पानं स्वच्छ.

“सर म्हणाले होते, जाळून टाका. मला जमलं नाही.”

७

अहवाल त्याच संध्याकाळी गेला. चेतना निर्दोष, तिची शोधमोहीम चालू ठेवावी, आणि संगणक कक्ष दुसरीकडे हलवून आडाची जागा उघडून तपासावी, असं माजिदानं लिहिलं. निंबर्गीकरनं तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता सही केली. चेतनानं मुलांना सगळं सांगायचं ठरवलं. भूत वगळून, राजमणीसकट. प्रभाबाईंचं काय करायचं, ते संस्था आणि विभाग ठरवणार होते.

मात्र एक काम अहवालात बसणारं नव्हतं. पत्ता गुरुलिंगनं कुणी न विचारता दिला.

शनिवारी शाळा सुटल्यावर माजिदा आणि प्रभाबाई विडी कामगारांच्या घरकुलातल्या एका खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. आत सुंदरम्मा बसली होती, राजमणीची आई. सत्तरी ओलांडलेली, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. नजर अधू झाली होती, पण बोटं विड्या वळत होती. नवरा कधीच गेला होता. जाईपर्यंत तो तिलाच बोल लावत राहिला होता, की पोरीवर तुझं लक्ष नव्हतं, शाळा चुकवून हिंडत होती आणि तुला पत्ता नाही.

प्रभाबाईंनी ते उभ्यानंच सांगितलं. रडल्या नाहीत. आपण काय विसरलो, काय लिहिलं आणि किती वर्षं गप्प राहिलो, एवढंच. सुंदरम्माची बोटं मध्येच थांबली. तिच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणला होता; तो सुनेच्या हातातच राहिला.

मग प्रभाबाई खाली बसल्या आणि कॅटलॉग उघडून त्यांनी सुंदरम्माचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

“काय लिहिलंय?” सुंदरम्मानं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“हजर,” प्रभाबाई म्हणाल्या. “सोमवारी हजर. मंगळवारी हजर. बुधवारी हजर. गुरुवारी सकाळी हजर.”

सुंदरम्मानं ते बोट कागदावरून चारदा फिरवलं.

“म्हणजे पोर खोटं बोलली नव्हती,” ती म्हणाली. “रोज शाळेला जाते म्हणाली, ती शाळेलाच जात होती.”

“हो.”

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. माजिदाला वाटलं, आता ही बाई ओरडेल, शिव्या देईल, आणि दिल्या तरी आपण मध्ये पडायचं नाही. पण सुंदरम्मानं सूप बाजूला सारलं आणि प्रभाबाईंच्या तोंडाकडे, नीट दिसत नसताना, निरखून पाहिलं.

“वर्गात एवढ्या पोरी होत्या. माझ्याच पोरीला का पाठवलं?”

प्रभाबाईंना हा प्रश्न एकतीस वर्षं ठाऊक असावा.

“मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, अम्मा. पाणी कोण आणतं, एवढंच विचारलं. काहीही विचारलं की सगळ्यांत आधी हात तिचाच वर यायचा. उत्तर येत असो नसो.”

सुंदरम्मानं कॅटलॉग मिटला आणि मांडीवर ओढून घेतला. पुरावा म्हणून तो विभागात जमा करायचा होता. माजिदानं ते बोलायला तोंड उघडलं आणि सोमवारी नेता येईल असं स्वतःलाच सांगून मिटलं.

“तुम्हाला मी माफ करणार नाही,” सुंदरम्मा प्रभाबाईंना म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं ठरवलेलं होतं. “पण उद्या परत या. शाळेत ती कशी होती, मला कुणी सांगितलंच नाही.”